पान्याचं पाणी

पाना विकत घेणारा माणूस आधी काय करतो, हे काउंटरच्या आतल्या बाजूने बघण्यासारखं असतं. तो पाना उचलतो, तळहातावर दोनदा उडवून वजन बघतो आणि मग दांडीवरची अक्षरं वाचतो. 'क्रोम व्हॅनेडियम' दिसलं की मान हलते. नाही दिसलं तर पाना परत काउंटरवर येतो. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या आमच्या दुकानात उद्यमनगरचे फिटर येतात, गॅरेजवाले येतात, उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांचे मालक येतात. एरवी कुणाच्याही शब्दावर विश्वास न ठेवणारी ही माणसं त्या दोन शब्दांवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवतात.

मी ठेवत नाही. क्रोम व्हॅनेडियम वाईट असं माझं म्हणणं नाही. पान्यासाठी त्याहून वेगळं पोलाद मीही सुचवणार नाही. पण दांडीवरच्या अक्षरांवरून पोलादाचं नुसतं नाव कळतं. ते भट्टीत किती तापवलं, तेलात कसं विझवलं, मग पुन्हा किती तापवून सोडलं, हे कुठेच छापलेलं नसतं. लोहाराच्या भाषेत सांगायचं तर पाणी कसं दिलं ते छापत नाहीत. आणि पाना वर्षानुवर्षं चालणार, की पहिल्याच घट्ट नटाला त्याचं तोंड फाकणार, हे बरंचसं तिथे ठरतं.

दुकान सासऱ्यांचं. मी बी.एस्सी. केमिस्ट्री, लग्न होऊन या घरात आले आणि काही दिवसांनी गल्ल्यावर बसले. सासऱ्यांची एक सवय होती. नवा माल आला की पेटीतला एक पाना काढायचा, मागच्या खोलीत जायचं आणि दांडीच्या कडेला कानस घासून बघायची. कानस किती चावते, यावरून ते पोलाद कच्चं की पक्कं ते सांगायचे. मी त्यात थोडी सुधारणा केली. जपानी बनावटीच्या सहा कानशींचा एक संच मिळतो. प्रत्येकीचा कडकपणा ठरलेला असतो : ४०, ४५, ५०, ५५, ६० आणि ६५. हे आकडे रॉकवेल सी मापातले. मूळ मापन यंत्रावर होतं, त्यात हिऱ्याचं शंकूसारखं टोक १५० किलोच्या भाराने पोलादात दाबतात आणि ते किती आत गेलं ते बघतात. आत कमी गेलं तर आकडा मोठा. कानशींचं काम सोपं आहे. ४५ ची कानस पान्यावरून घसरली आणि ५० ची चावली, तर पाना त्या दोघींच्या मधे आहे. इतकं कळलं तरी दुकानदाराला पुरतं.

हा आकडा कळला की गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला : "म्हंजे जास्त कडक त्यो चांगला न्हवं, वैनी?"

नाही. आणि इथेच सगळी गोम आहे. हत्यार किती कडक असावं हे ते कशाला भिडणार आहे यावर ठरतं. गाडीतला बोल्ट घ्या. त्याच्या डोक्यावर ८.८, १०.९ किंवा १२.९ असे आकडे उठवलेले असतात. ८.८ चा बोल्ट रॉकवेलवर साधारण २२ ते ३२ भरतो, १०.९ चा ३२ ते ३९, आणि १२.९ चा ३९ ते ४४. चांगला पाना असतो ४० ते ४८ च्या दरम्यान. म्हणजे नेहमीच्या ८.८ च्या बोल्टापेक्षा तो चांगलाच कडक, पण इतकाही नाही की जोर आला की तडकावा. तोच पाना कुणी ६० पर्यंत कडक केला तर बोल्टाचे कोपरे त्याचं काही वाकडं करू शकणार नाहीत, पण एक दिवस गॅरेजमधला पोरगा दांडीला पाइप अडकवून लोंबकळेल आणि तोंडाचा एक जबडा तुटून उडेल. उलट पाना तिशीतच राहिला असेल तर तो तुटणार नाही, पण तोंड हळूहळू फाकेल, बोल्टावर घसरेल आणि बोल्टाचे कोपरे गोल करून ठेवेल. पाना दोनशे रुपयांचा असो की पाचशेचा, गोल झालेला बोल्ट काढायला त्याहून जास्त खर्च येतो, हे ज्याच्या इंजिनाच्या ब्लॉकमध्ये असा बोल्ट अडकलाय त्याला विचारा.

आता ॲलन की घ्या. ॲलन बोल्ट बहुतेक वेळा १२.९ चा असतो, म्हणजे खुद्द बोल्टच चाळिशीत. त्यात किल्लीचं सहा कोनांचं टोक जातं ते बारीक, आणि सगळा पीळ त्या बारीक टोकावर. म्हणून ॲलन की पन्नाशीच्या पुढेच असावी लागते. स्वस्तातल्या संचातली पाच-सहा मिलिमीटरची किल्ली पिळल्यावर जिलबीसारखी फिरते ती याचमुळे. स्क्रू ड्रायव्हरच्या सुट्या बिटचं तर आणखी पुढचं. तिथे 'एस टू' नावाचं पोलाद वापरतात. त्यात सुमारे अर्धा टक्का कार्बन, एक टक्क्याच्या आसपास सिलिकॉन आणि थोडं मॉलिब्डेनम असतं. अमेरिकी वर्गवारीत हे धक्का सोसणाऱ्या पोलादांच्या गटात मोडतं, म्हणजे मूळचं छिन्न्या-पंचांच्या कामाचं. ५८ ते ६० इतकं कडक करूनही ते चटकन तडकत नाही, कारण सिलिकॉन त्याला ताण सोसायला मदत करतं. बिटवर एस टू लिहिलेलं असेल तर मी बिनधास्त देते. पण परवा एका पोराने मला एस टूचा रिंग पाना मागितला. मोबाइलवर कुठेतरी बघून आला होता की एस टू सगळ्यांत भारी. अरे बाबा, बिटला जे भारी ते पान्याला नडेल.

पोलादाच्या नावांकडे वळू. पान्याच्या पोलादात मुख्य माल लोखंडच, ९७-९८ टक्के. बाकीच्या चिमूटभर गोष्टींवर सगळी भांडणं. कार्बन कडकपणा देतो. साधं कार्बन पोलाद, म्हणजे आपल्याकडे ज्याला ईएन ८ किंवा सी ४५ म्हणतात ते, त्यात कार्बन ०.४ ते ०.४५ टक्क्यांच्या आसपास असतो. त्याचेही पाने बनतात आणि नीट बनवले तर छोट्या मापात अजिबात वाईट नसतात. त्याची अडचण जाडीत आहे. तापवलेलं साधं पोलाद कडक व्हायला भराभर थंड करावं लागतं, म्हणजे पाण्यात. पण बत्तीस मापाच्या पान्याचा आतला भाग तितक्या भराभर थंड होत नाही. मग वरची साल कडक आणि आतला गर मऊ राहतो. शिवाय पाण्यात विझवताना माल तडकतो, वाकतो.

इथे क्रोमियम कामाला येतं. अर्धा-एक टक्का क्रोमियम घातलं की पोलाद सावकाश थंड झालं तरी आतपर्यंत कडक होतं. मग पाण्याऐवजी तेलात विझवता येतं आणि तडे टळतात. व्हॅनेडियम आणखी कमी, ०.१ टक्क्याच्या आसपास. म्हणजे एक किलोच्या पान्यात एक ग्रॅम. त्याचं काम वेगळं. पोलाद ८५०-८८० अंशांपर्यंत तापवलं की आतले कण मोठे व्हायला लागतात, आणि कण मोठे झाले की पोलाद ठिसूळ होतं. व्हॅनेडियम कार्बनशी जुळून अतिसूक्ष्म खडे तयार करतं आणि ते खडे कणांना वाढू देत नाहीत. पान्यांसाठी जगभर जे ३१सीआरव्ही३ हे पोलाद चालतं त्याचा कस यातच आहे. यात कार्बन ०.३ टक्क्याच्या आसपास, क्रोमियम अर्धा टक्का आणि व्हॅनेडियमची चिमूट. ५०सीआरव्ही४ हा त्याचा थोरला भाऊ, कार्बन जास्त, क्रोमियम दुप्पट. तो आपल्याकडे ईएन ४७ या नावाने स्प्रिंगांसाठीही वापरला जातो.

व्हॅनेडियमची जन्मकथा मला फार आवडते, आणि गिऱ्हाईक रिकामं असेल तर मी ती सांगतेच. १८०१ साली मेक्सिकोत आंद्रेस मानुएल देल रिओ या खनिजतज्ज्ञाला शिशाच्या एका खनिजात नवं मूलद्रव्य सापडलं. त्याने नमुना पॅरिसला पाठवला. तिथल्या रसायनशास्त्रज्ञाने तपासून निकाल दिला की यात नवं काही नाही, हे अशुद्ध क्रोमियम आहे. बिचाऱ्याने दावा मागे घेतला. १८३० साली स्वीडनमध्ये निल्स सेफस्ट्रॉम याला तेच मूलद्रव्य लोखंडात पुन्हा सापडलं आणि त्यानंतर लोकांना कळलं की देल रिओचं बरोबर होतं. क्रोमियम आणि व्हॅनेडियम या दोघांची गल्लत अशी पहिल्यापासून. मोटारीशी त्याचं नातं जुळलं ते हेन्री फोर्डमुळे. १९०८ च्या मॉडेल टी मध्ये त्याने स्प्रिंगा, ॲक्सल, गिअर अशा भागांना व्हॅनेडियम पोलाद वापरलं आणि जाहिरातीतही ते मिरवलं. गाडी हलकी राहिली आणि खड्ड्यांतून टिकली. १९२० च्या दशकात अमेरिकी पान्यांवरही ते नाव झळकायला लागलं. म्हणजे पान्यावरचं ते नाव आधी गाडीखालीच होतं.

आपल्याकडे चांगल्या पान्यांची ही चाल रुजायला नाशिकचा हातभार आहे. सातपूरला टपारियाने १९६९ साली स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने हत्यारं बनवायला सुरुवात केली. बाकी देशातला मोठा माल येतो जालंधर आणि लुधियानाहून, आणि पकडी-हातोड्यांसाठी राजस्थानातल्या नागौरचं नाव आहे. या गावांत गल्ल्याच्या गल्ल्या घणांच्या आवाजाने दुमदुमतात. लालभडक तापलेला तुकडा साच्यावर ठेवायचा, वरून घण आदळायचा, एका-दोन ठोक्यांत पान्याचा आकार उतरतो. याला ड्रॉप फोर्जिंग म्हणतात. ओतीव पान्यापेक्षा फोर्ज केलेला पाना मजबूत, कारण दाबाखाली आतली पोकळी राहत नाही. एवढंच सांगून पुढे जाते, कारण आज बाजारात नाव घेण्यासारखे सगळेच पाने फोर्ज केलेले असतात आणि त्यावर वाद नाही.

वाद आहे तो खरं-खोटं ओळखण्याचा. क्रोम मुलामा आणि क्रोम पोलाद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला आठवड्यातून कितीदा तरी सांगावं लागतं. चकचकीत पान्यावर निकेलचा थर असतो आणि त्यावर क्रोमियमचा अगदी पातळ थर. तो गंज टाळतो, ग्रीसचा हात पुसायला सोपा पडतो. त्याच्या आत साधं मऊ लोखंड असलं तरी वरून ते तितकंच चमकणार. शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत आमच्या ओळखीचे एक जण स्पेक्ट्रोवर बसतात. स्पेक्ट्रो म्हणजे धातूवर ठिणगी पाडून त्याच्या प्रकाशावरून आत काय किती आहे ते सांगणारं यंत्र. ओतकामाचे नमुने दिवसभर तपासणाऱ्या त्या यंत्रावर मी एकदा तीन वेगवेगळे पाने तपासून घेतले, तिघांवर 'क्रोम व्हॅनेडियम' छापलेलं. एकात दोन्ही होतं, जसं हवं तसं. दुसऱ्यात क्रोमियम होतं, व्हॅनेडियमचा पत्ता नाही. तिसऱ्यात दोन्ही नाही, साधं कार्बन पोलाद. गंमत पुढे आहे. कानशीखाली धरल्यावर तो दुसरा पाना पहिल्याहून बरा निघाला, एकसारखा, दोन्ही तोंडांना सारखाच. पहिल्याचं एक तोंड ४५ च्या वर आणि दुसरं ४० च्याही खाली. पोलाद अस्सल, पण भट्टीवाल्याने ढिगाने माल ओतला असणार, काही तेलात नीट बुडाला, काही दुसऱ्याच्या खाली दडला. मी दुसरा ठेवते. पहिला ठेवणं बंद केलं. तिसरा मी ठेवत नाही, कारण त्यावर छापलेलं सगळंच खोटं.

ग्राइंडरवर घासून ठिणगी बघण्याची पद्धत उद्यमनगरात अजून चालते. मऊ लोखंडाची ठिणगी लांब, सरळ, कमी फुटणारी. कार्बन वाढला की ठिणगी जवळच फुटते आणि झुपका होतो. बीडाची ठिणगी आखूड आणि तांबूस. जुना कारागीर यावरून कार्बनचा अंदाज चांगला सांगतो. पण व्हॅनेडियमची चिमूट ठिणगीत दिसत नाही, त्यामुळे "ठिणगी बघून व्हॅनेडियम ओळखतो" म्हणणाऱ्याला मी नमस्कार करते आणि कानस पुढे करते.

आता पाणी देण्याबद्दल, कारण सगळा खेळ तिथला आहे. पाना ८५० अंशांवर लाल करून तेलात बुडवला की तो कडक होतो खरा, पण त्या अवस्थेत त्याला दुकानात आणणं गुन्हा आहे. जोराचा फटका बसला तर चिक्कीसारखा तुटू शकतो. म्हणून त्याला पुन्हा तापवतात, या वेळी ४०० ते ५०० अंशांपर्यंत, आणि सावकाश निवू देतात. याला टेम्परिंग म्हणतात. कडकपणा थोडा उतरतो आणि त्या बदल्यात चिवटपणा येतो. किती उतरवायचा ते तापमानावर. आमच्याकडचे लोहार उसाचा कोयता ट्रकच्या जुन्या पाट्यातून करतात. ते कोयत्याची घासलेली धार निखाऱ्यावर धरून रंग बघतात. गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळा साधारण २२० अंशांवर येतो, निळा ३०० च्या सुमाराला. कोयत्याला आणि छिन्नीला हे रंग पुरतात. पाना मात्र निळ्याच्याही पुढे न्यावा लागतो, जिथे रंग संपलेले असतात. म्हणून पान्याचं पाणी डोळ्याने देता येत नाही, त्याला मापाची भट्टी लागते.

आणि म्हणूनच गॅरेजमधली एक सवय मला बघवत नाही. डिझेल पंपामागचा एखादा नट कुठल्याच पान्याला सापडत नाही, मग सतराचा रिंग पाना गॅसच्या ज्योतीवर लाल करून वाकवायचा. वाकवेपर्यंत ठीक. मग पोरगा तो लालभडक पाना बादलीत बुडवतो. चर्रर्र. मी एकदा असा पाना हातात घेऊन बघितला. बाकाच्या जागेवर मुलामा काळा पडून पापुद्रे सुटलेले, त्याच्या दोन्ही बाजूंना इंचभर निळसर पट्टा, आणि पुढे पुन्हा चकाकी. कानस लावली तर बाकावर ५० ची घसरत होती. म्हणजे बाक काचेच्या जवळ, आणि जोर सगळा बाकावरच येणार. त्या माणसाला मी सांगितलं, "भाऊ, वाकवायचाच तर जुना, स्वस्तातला पाना वाकवा, आणि पाण्यात घालू नका. बाजूला ठेवा, आपोआप गार होऊ द्या. मऊ राहील, पण तुटण्याऐवजी वाकेल. हात तरी फुटणार नाही." त्याने ऐकलं की नाही ठाऊक नाही. पान्यांना वेल्डिंग करणाऱ्यांनाही हेच लागू. जोडाला लागून ठिसूळ पट्टा होतो आणि त्याच्या शेजारी मऊ.

जिवावर बेतण्याजोगी बाब मात्र एकच आहे : एअर गनवर चकचकीत गोटी, म्हणजे सॉकेट. पूर्वी टायरवाल्याकडे गोटी पाना आणि लांब टॉमी असायची. आता गल्लीबोळातल्या पंक्चरवाल्याकडेही हवेवरची किंवा बॅटरीवरची इम्पॅक्ट गन आहे. ती नटाला सलग पीळ देत नाही. आतला हातोडा मिनिटाला हजाराहून जास्त ठोके मारतो. हाताने चालवायच्या रॅचेटची गोटी क्रोम व्हॅनेडियमची, पातळ भिंतीची आणि कडक असते, कारण तिला अडचणीच्या जागेत शिरायचं असतं. तिला हे ठोके सोसत नाहीत. इम्पॅक्टच्या गोट्या वेगळ्या : क्रोम मॉलिब्डेनम पोलादाच्या, म्हणजे बहुधा ४२सीआरएमओ४ किंवा त्याच्या जपानी भावंडांच्या, भिंत जाड, कडकपणा मुद्दाम चाळिशीच्या आसपास ठेवलेला. मॉलिब्डेनममुळे टेम्परिंगनंतर पोलादात ठिसूळपणा येण्याचा धोका कमी होतो. त्यांना चकाकी नसते, काळा लेप असतो. मुलाम्याचे पापुद्रे ठोक्यांखाली सुटून ब्लेडसारखे धारदार उडतात, म्हणून तो देतच नाहीत. जोर फार झाला तर काळी गोटी सहसा ताणली जाते किंवा तिला चीर पडते. चकचकीत गोटी फुटते.

एक पंक्चरवाला पोरगा कागदाच्या पुडीत तुकडे घेऊन आला होता. "गोटी खराब निघाली, वैनी." मी तुकडे खिडकीत नेऊन बघितले. तुटलेल्या जागी करडे, वाळूसारखे बारीक कण, कुठेही वाकलेलं नाही, ओढलेलं नाही. एका क्षणात चटकन तुटलेल्या कडक पोलादाची ही खूण. गोटी खराब नव्हती, काम तिचं नव्हतं. त्याच्या डाव्या भुवईवर पट्टी होती. मी त्याला काळी गोटी दिली आणि एक साधा प्लॅस्टिकचा चष्माही. चष्मा तो काउंटरवरच विसरला. दुसऱ्या दिवशी मी तो त्याच्या दुकानात पाठवला.

छिन्नीलाही असंच, फक्त तिथे एकाच हत्याराला दोन तऱ्हेचं पाणी लागतं. धारेकडे साधारण ५५ च्या आसपास, डोक्याकडे बरंच मऊ, म्हणजे हातोडा आदळल्यावर डोकं चेपावं, तडकू नये. वापरून वापरून त्या डोक्याची छत्री होते. ती छत्री ग्राइंडरवर काढून टाकायची, नाहीतर तिचे तुकडे सुटून उडतात. आणि हातोड्यावर हातोडा कधी मारू नये. दोन्ही कडक, कुणी चेपणार नाही, मग कपची उडणार.

एक गैरसमज मात्र शिकलेल्या गिऱ्हाइकांतही असतो. "क्रोम व्हॅनेडियमचा पाना वाकत नाही, साधा वाकतो." दांडी हलकेच दाबून बघतात आणि म्हणतात हा कडक आहे. पण पोलाद किती लवतं हे त्याच्या जातीवर जवळपास अवलंबूनच नसतं. एकाच आकाराच्या दोन दांड्या, एक ईएन ८ ची, एक महागड्या मिश्र पोलादाची, सारख्या जोराने दाबल्या तर सारख्याच लवतात. सगळ्या पोलादांचा हा ताठपणा सुमारे २०० गिगापास्कल. फरक पडतो तो पुढे. जोर वाढवत नेला की साधी दांडी एका हद्दीनंतर वाकून तशीच राहते, आणि चांगलं पाणी दिलेली मिश्र पोलादाची दांडी कितीतरी जास्त जोर सोसून परत सरळ होते. म्हणून चांगल्या पोलादाचा पाना बारीक दांडीचा, पातळ तोंडाचा करता येतो आणि तो अडचणीत शिरतो. पाना जाड आणि बोजड असेल तर तो मजबूत असतो हा समज ग्राह्य धरू नका. कधीकधी पोलादावर भरवसा नाही म्हणूनच बनवणाऱ्याने तो जाड केलेला असतो.

आता मला कुणी विचारलं, घ्यायचं काय, तर मी पेटीवरच्या शब्दांआधी मागे बघायला सांगते. उघड्या तोंडाच्या पान्यांना भारतीय मानक आयएस २०२८ आहे, रिंग पान्यांना आयएस २०२९. ते क्रमांक असतील तर निदान बनवणाऱ्याने पीळ देऊन चाचणी घेण्याची जबाबदारी मान्य केलीय. मग तोंडाच्या आतल्या कडा बघा, त्या नीट समांतर कापलेल्या हव्यात आणि त्यात मुलाम्याचे गोळे साचलेले नकोत. बदलून देण्याची हमी कंपनीची आहे की दुकानदाराची, तेही विचारा. ज्याला आपल्या भट्टीवर भरवसा आहे तो पाना बदलून द्यायला कां-कू करत नाही. आणि सगळा संच एकाच पोलादाचा हवा असा हट्ट नको. बिट एस टूचे, ॲलन की चांगल्या कडक, गोट्या हातासाठी चकचकीत आणि गनसाठी काळ्या, पाने क्रोम व्हॅनेडियमचे. चाकाचे, सायलेंसरचे, इंजिन हेडचे मोठे नट ज्या मापांचे, म्हणजे सतरा, एकोणीस, एकवीस, चोवीस, त्यांत पैसा घाला.

दहाच्या पान्यात घालू नका. दहाच्या तोंडाचा बोल्ट म्हणजे सहा मिलिमीटरचा, तो आवळायला १० न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ पुरतो, कारच्या चाकाच्या नटाला लागतो त्याच्या दहावा हिस्सा. बॅटरीचे टर्मिनल, कव्हर, क्लिपा, सगळीकडे हाच. दहाचा पाना मोडला म्हणून माझ्याकडे कुणी येत नाही. "दहाचा हरवला, वैनी" म्हणत येतात, तेही दर आठवड्याला, कारण तो इंजिनाच्या बेचक्यात पडतो, ग्रीसच्या डब्यात बुडतो नाहीतर शेजारच्या गॅरेजवाल्याच्या खिशातून निघून जातो. संच कुठलाही घ्या, दहाचे दोन जादा सुटे घ्या. साध्या कार्बन पोलादाचे असले तरी चालतील.